गुडघाभर पाण्याची अकरा मीटर खोली

तीर्थरूप मामांना,

भाचीचा वाकून नमस्कार. (पूर्ण वाकता येत नाही, कंबर धरली आहे, कारण पुढे येईलच.) डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, पट्टी निघाली, हे ताईच्या फोनवरून कळलं. जीव भांड्यात पडला. थेंब वेळेवर घालत जा आणि ताईवर उगाच डाफरू नका. इकडची काळजी नसावी. सांगून गेलात त्याप्रमाणे होडीवर माझं लक्ष आहे.

आता आमच्या कचेरीची प्रगती. आम्ही समुद्राची खोली समुद्राकडे न फिरकता मोजतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. उपग्रह वरून फोटो काढतो, कॉम्प्युटर रंग बघतो: पाणी फिकं दिसलं की उथळ, गडद दिसलं की खोल. तळाशी वाळू आहे, खडक आहे की गवत, हेही तोच सांगतो (म्हणजे सांगायला हवं). आमचे साहेब यातले तज्ज्ञ. सहा वर्षं ते एसी खोलीत बसून किनाऱ्यालगतचं पाणी मोजताहेत, पण या मंगळवारपर्यंत त्यांच्या पायाला वाळू लागली नव्हती. मागे तुम्ही माझा विसरलेला डबा द्यायला आलात, तेव्हा पिकलेल्या मोतीबिंदूतून स्क्रीनवरच्या काळ्या डागाकडे बघून म्हणालात, “ते गवत आहे गं. काळं दिसतं म्हणून खोल नव्हे. पाणी गुडघाभर.” साहेब हसले. मीही हसले (नोकरी आहे). चाळीस वर्षं दोरीला शिसं बांधून तळ चाचपणाऱ्या माणसाला आम्ही चहा पाजून वाटेला लावलं आणि त्या डागावर अकरा मीटर असा आकडा टाकला.

मंगळवारी साहेबांना प्रत्यक्ष पडताळणीची हुक्की आली. ऐन भरतीला निघालो. साहेब पुढे नकाशा उघडून उभे, मी मागे इंजिनाशी. डाग जवळ आला तसे म्हणाले, आता बिनधास्त वेग वाढवा, खाली अकरा मीटर आहे. मी वाढवला. होडी जागच्या जागी थांबली, साहेब मात्र नकाशासकट पुढे गेले. मला वाटलं, गेले. बघते तर गुडघाभर पाण्यात उभे, गळ्यात गवताचा हार. इंजिनाच्या पंख्यातही तेच गवत. तासभर होडी ढकलली (कंबर ती हीच), शेवटी चालत किनारा गाठला. वाटेत साहेबांनी निष्कर्ष काढला, की नकाशा बरोबरच आहे, समुद्राचं काहीतरी चुकलंय.

हसण्यावारी नेते आहे, पण मामा, मला झोप नाही. सोमवारी तो नकाशा बंदराच्या कचेरीत जाणार, खाली माझी सही. त्यावर विसंबून कुणी पोराबाळांसकट होडी भरधाव घातली तर? त्या दिवशी तुम्हाला हसले याची फार लाज वाटते.

तुमची,
भाची

ता. क. डॉक्टर परवानगी देत असतील तर शनिवारी याल का? तीसेक ठिकाणी दोरी टाकून खोली सांगा, आकडे मी बदलते. साहेबांना सांगेन, कॉम्प्युटरनेच बदलले. मग ते हूं की चूं करणार नाहीत.

ता. क. आणखी एक. दोरी तुमची, पण होडी दुसऱ्या कुणाची तरी मागून ठेवा. वर गवतात रुतली ती होडी कुणाची ते मी लिहिलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. अमावास्येच्या उधाणाशिवाय ती काही निघत नाही. लक्ष आहे म्हटलं ते खरंच. कचेरीच्या खिडकीतून स्वच्छ दिसते. बुडण्याची भीती नाही. तिथे तेवढं पाणीच नाही, असं तुम्ही सांगितलं होतंत.