जुनी डिस्क पुसायच्या आधी

४ जानेवारी
नवं गाव, नवं घर, नवी नोकरी, आणि तिन्ही एकाच आठवड्यात! सामानाची खोकी अजून उघडायची आहेत, पण ही वही हाताला लागली, म्हणून लिहायला बसले.

दुकान संगणक दुरुस्तीचं, औषधवाल्याच्या वरच्या मजल्यावर. लांबलचक टेबल, त्यावर पोटं उघडी टाकलेले संगणक, आणि स्क्रू ठेवायला चहाच्या बशा. मालकांना सगळे मास्तर म्हणतात. पूर्वी ते शाळेत गणित शिकवायचे. समोरच्याचं उत्तर चुकलेलंच असणार, अशा नजरेनं ते अजूनही बघतात. हे काम मी कित्येक वर्षं करते आहे, असं त्यांना दोनदा ऐकवलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

चिमणीनं, म्हणजे माझ्या लेकीनं, गॅलरीची खोली बळकावली. पहिलीत आहे, पण तोरा कॉलेजातला. नवरा हसत म्हणाला, इथे तरी जरा कमी चिडचिड कर. बघते म्हटलं. जमणार नाही ते दोघांनाही ठाऊक आहे.

९ जानेवारी
मास्तरांची पद्धत आज कळली. गिऱ्हाइकाचा संगणक मंदावला की जुनी हार्ड डिस्क काढून नवी वेगवान बसवायची, आणि जुनीवरचं सगळं नवीवर जसंच्या तसं उतरवायचं. फायली, पासवर्ड, पडद्यावरचा फोटोसुद्धा. यालाच क्लोन म्हणतात. इथवर मला काही नवीन नाही. पण मास्तर जुनी डिस्क लगेच पुसत नाहीत. तिच्यावर पांढरी पट्टी चिकटवून कपाटात ठेवतात. काही दिवसांनी गिऱ्हाइकाच्या घरी स्वतः फोन करतात, नवीन नीट चालतंय ना, काही कमी-जास्त? घरचे हो म्हणाले, की मग जुनी साफ पुसायची.

आणि एक सक्त ताकीद दिली. क्लोन झाल्यावर दोन्ही डिस्क लावून मशीन सुरू करायचं नाही. दोघींची ओळख एकच असते. मशीन गोंधळतं आणि एकीला बंद करून टाकतं. कुणाला, ते आपल्या हातात राहत नाही. हे मला शिकवताहेत!

१३ जानेवारी
घरचा संगणक दुकानात नेला. रडतखडत चालायचा बिचारा. त्यात माझा सगळा संसार आहे. चिमणीचे पहिल्या दिवसापासूनचे फोटो, तिचे बोबडे बोल, टिपणं काढायच्या माझ्या जन्मभराच्या खोडीचा पसारा.

क्लोन लावून चहाला गेले. परतले तर काम झालेलं. नवी नीट उतरली का ते बघायची मला कोण घाई! जुनीची केबल काढायची राहिली आणि बटण दाबलं. पडद्यावर आलं, एकसारख्या दोन डिस्क सापडल्या, एक बंद केली आहे. मास्तर बघत होते. आता बोलणी खावी लागणार असं वाटलं. पण त्यांनी जुनीवर पट्टी चिकटवली आणि कपाट लावून घेतलं.

१६ जानेवारी
कोपऱ्यावरच्या दुकानदारानं आज दूध देताना माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. वहिनी, आत्ताच तर नेलंत, म्हणाला. मी त्याच्याशी भांडले. घरी येऊन बघते तर फ्रिजमध्ये दूध.

चिमणीच्या दोन वेण्या घातलेल्या होत्या. भांग अगदी सरळ. माझ्या हातून तिचा भांग कधी सरळ निघालेला नाही. कुणी घातल्या विचारलं तर ती खिदळायलाच लागली. तूच की, आई! तू पण ना!

नवरा म्हणाला, दमली आहेस. असेन.

१९ जानेवारी
दुपारी दुकानातून घरी फोन लावला. एका बाईनं उचलला. आवाज माझा. मी फोन ठेवून दिला आणि तशीच धावत घरी गेले. घरात कुणी नव्हतं. कढई गरम होती.

संध्याकाळी नवरा खुशीत. हल्ली तू किती शांत झालीस, म्हणाला. आज शाळेतून आल्यावर चिमणीनं अख्खा तांब्या सांडला, तरी ओरडली नाहीस. त्या वेळी मी दुकानात होते.

मला भीती वाटते आहे. ती काही मोडत नाही, चोरत नाही. माझ्यापेक्षा सगळं बरं करते, एवढंच. पण चिमणीला फरक कळायला नको का? तिला तरी?

२१ जानेवारी
मास्तरांना सगळं सांगितलं. नवी डिस्क फोडून टाका म्हटलं. हात जोडले. ते माझ्याकडे नाही, माझ्या मागच्या भिंतीकडे बघत होते. बाई, म्हणाले, चालत्या मशीनला हात लावायचा नसतो. कपाटाची किल्ली मागितली. त्यांनी ती खिशात टाकली.

२२ जानेवारी
घराची किल्ली कुलपाला लागत नाही. बेल वाजवली. आतून हसण्याचा आवाज येत होता, चिमणी आणि — दार कुणी उघडलं नाही.

दुकानात आले. आमचा संगणक अजून टेबलावरच, आणि मास्तर फोनवर होते. नवीन नीट चालतंय ना, काही कमी-जास्त? पलीकडे, स्पीकरवर, माझा नवरा. झकास, म्हणाला. मग चिमणीनं फोन घेतला. आई आता खूप छान झाली, म्हणाली.

मी किंचाळले. चिमणे, मी इथे आहे! मास्तरांनी मानसुद्धा वळवली नाही. कपाट उघडलं —

तोच दिवस
जुनी पुसायला लावली आहे. पडद्यावर किती पुसलं ते दाखवणारी पट्टी सरकते आहे. केबल ओढायला जाते, पण ती बोटांना लागत नाही. पेन तेवढं धरता येतंय. लिहिलं तर राहील.

माझं माहेर — नदीकाठी — नदी होती का? आईचा चेहरा गेला. नवऱ्याचं नाव गेलं. जाऊ दे. तिचं नको. लेकीचं नको. पुढचा दात पडलाय. दुधाची साय आवडत नाही. तिला मी हाक मारते ती — काहीतरी लहान — उडणारं —

आज
जिन्यात पावलं. संगणक न्यायला एक बाई आली आहे. बरोबर छोटी मुलगी. बाईला मी कुठेतरी —

मास्तर बाईशी बोलतात. माझ्याकडे कुणी बघत नाही. मुलगी बघते आहे.

तिला रडू फुटलंय. बाई हात धरून ओढते, ती जागची हलत नाही. किती गोड पोर. कुणाची असेल? माझ्याकडे हात करून काहीतरी म्हणते. दोनच अक्षरं. पुन्हा पुन्हा तेच. मला वाटतं, ती मला —