आईची दुसरी अंत्ययात्रा

कॉल्डरथ्वेट, ४ मे १९७४

प्रिय म्युरिएल,

देवाच्या कृपेने इकडे सर्व ठीक.

सोमवारी आलं ते असं: दोन ट्रक, चौतीस माणसं, दिव्यांचे सात खांब आणि एक रिकामी शवपेटी. त्यापायी गेलं ते असं: माझा वाटाण्याचा वाफा, कुंपणाची फळी आणि ह्यांची दुपारची झोप. तुझ्या कादंबरीवर टीव्हीची मालिका होते आहे, एवढं चालायचंच. मालिकेत आई झालेली बाई चहा अगदी तशीच बशीत ओतून पिते. तूच शिकवलंस ना?

एक मागणं आहे. पुस्तकात आई शेवटच्या घटका मोजत असताना धाकटी बहीण समुद्रकिनारी मजा करते आहे. मी बोलले नाही, कारण गावात पुस्तक वाचलं ते पाद्रीसाहेबांनी आणि मी. टीव्ही मात्र घरोघर आहे, आणि धाकटी म्हणजे मी हे कुणाला सांगावं लागणार नाही. त्या आठवड्यात मी आईच्या उशाशी होते आणि तू लंडनला नाटकाच्या तालमीत. पटकथाही तूच लिहिते आहेस, तेवढं बदल.

माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
एनिड

लंडन, ८ मे

प्रिय एनिड,

वाफ्याचं वाईट वाटलं.

अगं, कादंबरी म्हणजे चर्चची नोंदवही नव्हे. एक मुलगी गैरहजर असल्याशिवाय तो प्रसंग उभाच राहत नाही, आणि थोरली तर गोष्ट सांगते आहे, तिला कुठे घालवू? शिवाय दिग्दर्शक हट्टी, ओळीला हात लावू देत नाही. लोक इतकं बारीक बघत नाहीत. तू लहानपणापासून मनाला लावून घेतेस. प्रार्थनेत आठवण ठेव.

तुझीच,
म्युरिएल

कॉल्डरथ्वेट, १४ मे

प्रिय म्युरिएल,

आठवण ठेवली.

काल अंत्ययात्रेचं चित्रण होतं. पेटी दारातून निघाली आणि अख्ख्या गल्लीने पडदे ओढून घेतले, आईच्या वेळी ओढले तसे. दिग्दर्शकाला खिडक्यांत चेहरे हवे होते, तो दारोदार फिरला. समोरच्या मिसेस ॲकरॉइड म्हणाल्या, पोरा, पेटी निघाली की आम्ही पडदे ओढतो, आत कोण आहे ते विचारत नाही. समुद्राचा प्रसंग त्यांच्या कानावर आलेला, मग त्यांनीच त्याला दारात धरून जाब विचारला. एनिडला कुठल्या समुद्रावर पाठवलीस, ती तर आठ दिवस त्या खोलीतून हलली नव्हती. थोरली आली ती गुरुवारच्या गाडीने, पेटी निघाली त्याच दिवशी. गल्लीच्या तोंडाशी बॅग घेऊन उभी राहिली, ओढलेले पडदे पाहिले आणि तशीच मागे फिरली. तीन तास स्टेशनच्या बाकावर होती. मागे फिरली ते त्यांनी पडद्याच्या फटीतून पाहिलं, आणि बाकाचं स्टेशनवरच्या हमालाने सांगितलं.

मला अकरा वर्षं वाटत होतं की तुझी गाडी चुकली. तू तसंच सांगितलं होतंस.

तुझा हट्टी दिग्दर्शक आता हरखला आहे. त्याला ते पडदे आणि तो बाक हवा आहे, समुद्र नको. मला विचारलं. मी म्हटलं, ते माझ्या बहिणीचं आहे, तिला विचारा.

शुक्रवारी चित्रण आहे. तुला ते सोसणार नसेल तर मी जाते समुद्रावर, टीव्हीतच जायचं तर भाडं थोडंच पडतं. काय ते उलट टपाली कळव.

तुझी,
एनिड