बाबांच्या शेवटच्या मुक्कामाची तपासणी

आई, बाबा गेले. त्याला आता दोन महिने होत आले. आज लिहायला बसले ते एका फॉर्मपायी. बाबा जिथे गेले त्या ठिकाणाहून आलाय, 'आमच्या सेवेचं मूल्यांकन करा' म्हणून. सगळ्या रकान्यांत खुणा करून झाल्या, एका रकान्याशी अडले आहे. तू गेल्यापासून मी मराठीत साधी सामानाची यादीही लिहिलेली नाही, त्यामुळे अक्षर वेडंवाकडं येतंय आणि मधेमधे हिंदी घुसतंय. सांभाळून घे.

तुझ्या काळी रायपुरात असलं ठिकाण नव्हतं. रोग बरा करायचा नाद सोडून द्यायचा आणि माणसाला शेवटपर्यंत कमीत कमी त्रास होईल एवढंच बघायचं, अशी जागा. हॉस्पिस म्हणतात. बाबांचा कॅन्सर कंबरेच्या हाडांत उतरला तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता सांगितलं की आता फक्त आराम द्या. आराम घरी कसा द्यायचा ते मात्र कुणी सांगितलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, मी आणि नवरा दोघंही नोकरीवर, आणि बाबांना कुशीवर वळवायलासुद्धा दोन माणसं लागायची. मग मी जागा शोधायला निघाले.

तुझ्या लेकीची नोकरी काय आहे ते तुला ठाऊक नाही, कारण ती लागली तुझ्या मागून. मी अंगणवाड्या तपासते. जीप गावात शिरायच्या आत झाडलोट झालेली असते, पोरांना धुतलेले कपडे चढवलेले असतात, आणि सेविका 'सब बढ़िया है मैडम' म्हणून उभी असते. मी थेट मागच्या खोलीत जाते, डाळीच्या डब्यात हात घालते, एका बैठकीत भरलेल्या हजेरीतली एकसारखी शाई बघते. मला कुणी शेंडी लावू शकत नाही असा माझा लौकिक आहे, आणि मला त्याचा तोरा आहे, हेही सांगून टाकते. तशीच मी तीन ठिकाणं तपासली. गाद्यांचे वास घेतले. न्हाणीघरातले नळ सोडून पाहिले. किती रुग्णांमागे किती नर्स, डॉक्टर रोज येतो की फोनवरच असतो, औषधाच्या कपाटाची किल्ली कुणाकडे, सगळं विचारलं. शंकर नगरजवळच्या एका ठिकाणी काचेचे दरवाजे आणि कारंजं होतं. तिथल्या मॅनेजरला मी पडून पडून पाठीला होणाऱ्या जखमांची वही मागितली तर त्याला घाम फुटला. ते तिथेच बाद केलं. शेवटी गावाबाहेरचं एक साधं, बैठं ठिकाण निवडलं. स्वच्छ होतं. तिथली मोठी नर्स केरळची, हळू बोलणारी, आणि तिने न मागता प्रत्येक रुग्णाचा तक्ता समोर ठेवला. दिवसातून तीनदा विचारायचं, 'दर्द कितना है, दस में से?' आणि आकडा लिहायचा. त्या आकड्यावरून डॉक्टर औषध ठरवणार. असला तक्ता पाहून माझ्यासारखीच्या जिवात जीव आला.

बाबांचा आकडा यायचा एक, नाहीतर दोन. रोज. ऑफिस सुटल्यावर मी जायची, तक्ता पाहायची, खाली नातेवाइकाच्या जागी सही करायची. मग पलंगाशी बसून विचारायची, "कैसे हो बाबा? दर्द तो नहीं है?" बाबा मान ताठ करून म्हणायचे, "नहीं बेटा. बढ़िया है."

हो, हिंदीत. हे तुला सांगायचं राहिलंच. तू होतीस तोवर रेल्वे क्वार्टरच्या उंबरठ्याबाहेर हिंदी आणि आत मराठी असा रिवाज होता. चपला बाहेर काढायच्या तशी हिंदीही बाहेर. मी आत येऊन 'भूख लगी है' म्हटलं की तू चुलीपाशी बसून ऐकूच येत नाही असं दाखवायचीस, आणि 'भूक लागली' म्हटल्यावरच ताट पुढे यायचं. तू गेलीस आणि तेराव्यानंतर बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "बेटा, चाय बना दे." मी ओट्यापाशी होते. मी चहा केला. त्या दिवसापासून आमच्यात हिंदीच राहिली. मराठी बोललं की तुझी आठवण यायची, दोघांनाही, म्हणून दोघांनी ती टाळली असावी. पुढे माझं लग्नही हिंदी बोलणाऱ्या घरात झालं. माझा मुलगा आजोबांची मराठी समजायचा आणि उत्तर हिंदीत द्यायचा. मग आजोबांनीही मराठीत विचारणं सोडलं.

आता मला तुझा वॉर्ड आठवतो, तू नर्स होतीस तेव्हाचा. मी बारा वर्षांची असेन, तुझा डबा घेऊन रेल्वेच्या हॉस्पिटलात आले होते. कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारी, रुळांवर काम करणाऱ्या कुणा गँगमनची आई. डॉक्टर राऊंडला आले, त्यांनी हिंदीत विचारलं, ती हात जोडून "ठीक हे साहेब" म्हणाली, ते पुढे गेले. तू आलीस तशी मी मोठ्या हुशारीने सांगितलं की त्या आजी ठीक आहेत, मी ऐकलं. तू ट्रे खाली ठेवलास आणि सगळ्यांदेखत मला झापलंस. "तुले कोनं सांगितलं ठीक हाय? थे साहेबाले ठीक म्हणाली. दुखणं साहेबाले सांगत असते काय माणूस?" मग तिच्या उशाशी वाकून तू छत्तीसगढीत विचारलंस, "कहाँ पिरावत हे दाई?" कुठे दुखतंय म्हणून, आणि ती म्हातारी तुझा हात पोटावर ठेवून जी रडायला लागली, की मला तिथून पळून जावंसं वाटलं. रेल्वेतल्या तेलुगू मदतनिसांसाठी, ओडिया बायांसाठी, तू तेवढं एकच वाक्य त्यांच्या त्यांच्या बोलीत शिकून ठेवलं होतंस. नातेवाइकांकडून घोकून घ्यायचीस. बाकीच्या नर्सबाया तुला हसायच्या.

आई, हे सगळं मला माहीत होतं. आणि तरी मी नऊ दिवस त्या तक्त्यावर सह्या केल्या.

दहाव्या दिवशी सुट्टी होती, सकाळीच गेले, तर तिथली एक मावशी मला बाहेरच्या व्हरांड्यात गाठून बोलली. बीरगांवहून येणारी, बाबांचं अंग पुसणं, चादर बदलणं करणारी बाई. तिच्या हातात बाबांचा गमछा होता. तिने तो उलगडून दाखवला. एका टोकाला दातांनी चावून चावून जाळी झाली होती. म्हणाली, "दीदी, करवट बदलाथन त बाबूजी येला दाँत म चाप लेथे. पूछबे त हाँस देथे. आप मन अपन घर के भाखा म पूछव न." वळवताना बाबा तो गमछा चावायचे, आणि विचारलं की हसायचे; तुम्ही तुमच्या घरच्या भाषेत विचारा, म्हणाली. ती बाई शिकलेली नाही, तक्ता भरायचा तिला अधिकार नाही. तिला जे दिसलं ते मोठ्या नर्सला दिसलं नाही, डॉक्टरला दिसलं नाही, आणि डाळीच्या डब्यात हात घालणाऱ्या मॅडमला तर नाहीच नाही.

मी आत गेले. खुर्ची पलंगाला भिडवली. मराठीत विचारायचं तर तोंड उघडेना, इतक्या वर्षांनी बाबांशी मराठी बोलायची लाज वाटली, खरंच लाज. मग म्हटलं, "बाबा, कुठं दुखून राहिलं?"

बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"कंबरेपासून खाली," ते म्हणाले. "हाडाच्या आत. लय दुखते व माय. सहन नाही होऊन राहिलं."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"हे लोक चांगले हायेत. त्यायले काहून तरास द्याचा? साहेब लोक येतात, पुसतात, आपण बढ़िया म्हणाव." श्वास घेऊन म्हणाले, "अन् तू बी हिंदीत पुसत होती. मले वाटलं, तू बी ड्यूटीवरच हायेस."

जन्मभर वॅगनच्या कारखान्यात फिटर. साहेब तपासणीला आला की हत्यारं पुसून ओळीत ठेवायची आणि ताठ उभं राहून सगळं बढ़िया आहे म्हणायचं. मीही तपासणीलाच येत होते.

मी हाक मारली तशी मोठी नर्स धावत आली. तिने हुज्जत घातली नाही, सारवासारव केली नाही. दहापैकी किती ते मला मराठीत विचारायला लावलं. बाबा म्हणाले, नऊ. तिने डॉक्टरला फोन केला, त्याच दुपारी मॉर्फिन सुरू झालं, आणि संध्याकाळी बाबांनी पाय सरळ केले. पुढचे सहा दिवस त्यांना गमछा लागला नाही. ते पुष्कळ झोपले, आणि जागे असले की मराठीत बोलले. तुझ्याबद्दल बोलले. तू क्वार्टरच्या मागे आंबाडी लावायचीस, शेजारणीची शेळी ती खायची आणि तू त्या शेळीशीही भांडायचीस, हे मला आठवतही नव्हतं. एकदा मी भरवत असताना, माझ्या हाताला तुझ्या हातासारखा फोडणीचा वास येतो, असं म्हणाले. शेवटच्या दिवशी सकाळी पाणी मागितलं, दोन चमचे प्यायले, आणि गेले. शांतपणे गेले. याचं श्रेय त्या ठिकाणाला द्यायलाच हवं.

आता तो रकाना. 'रुग्णाच्या वेदनेकडे वेळेवर लक्ष दिले गेले काय?' पुढे पाच चौकोन. मी लिहू शकते की नाही दिलं. तेही खरं आहे. पहिल्याच दिवशी विचारा की घरात कोणती भाषा बोलता, आणि अंग पुसणाऱ्या बाईलाही तक्त्यात लिहू द्या, असं मी शेरा म्हणून लिहिलंय. फोनवर त्या नर्सलाही सांगितलं. ती म्हणाली, "दीदी, अब हम पहले यही पूछते हैं." तिला कमी गुण द्यायला माझा हात उठत नाही, आणि पूर्ण द्यायलाही उठत नाही.

कारण एक गोष्ट तिला माहीत नाही. बाबांनाही नव्हती, असं मी धरून चालते. तुला सांगते.

तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून लवकर सुटले होते. दुपारची वेळ, व्हरांड्यात कुणी नव्हतं, बाबांच्या पलंगाचा पडदा ओढलेला होता. आतून आवाज आला. "आई गं. मेलो व माय. मेलो." स्वच्छ मराठीत, दबक्या आवाजात, कुणी नाही असं समजून. मी पडद्याला हात लावला होता. मग हात काढून घेतला. पाय न वाजवता फाटकाबाहेर गेले, टपरीवर चहा घेतला, तो सगळा प्यायले. परत आले तेव्हा मुद्दाम चपला वाजवत आले, आणि दारातूनच विचारलं, "कैसे हो बाबा?"

मराठीत विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं, आई. मला ते ऐकायचं नव्हतं.