दादाने भाकर सोडली

देऊळघाट,
दि. १९ जानेवारी २०२५

चि. धम्मशीला हीस,
दादाचे अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे खुशाल आहेत. फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून लिहितो आहे. माझं एक वाक्य पुरं व्हायच्या आत तुझे तीन प्रश्न येतात, आणि चौथ्याला तुझी ड्यूटी लागते. तीस वर्षं एसटी चालवली, घंटी वाजल्याशिवाय थांबायची मला सवय नाही. पत्रात मध्येच कोणी घंटी मारत नाही.

तर सांगायचं ते हे की मी भाकर सोडली. पोळी, भात, पोहे, बटाटा, साखर, गूळ, सगळंच सोडलं. आज पंधरावा दिवस. सकाळी दोन अंडी, दुपारी मेथी नाहीतर वांगं, वाटीभर दही, मूठभर शेंगदाणे, रविवारी कोंबडी. मोतीराम तुला आठवत असेल, माझ्या गाडीवर अकरा वर्षं कंडक्टर होता, आता चिखलीला राहतो. त्याने दोन वर्षांपासून हेच चालवलंय आणि त्याची साखर ताब्यात आली. त्यानेच मला समजावलं की रक्तात साखर चढते ती नुसत्या चहातल्या साखरेने नाही, भाकरीनेही चढते.

तू म्हणशील, दादाला नवीन खूळ लागलं. तसं नाही गं. दिवाळीपासून डाव्या अंगठ्याची जखम बरी होत नाही. क्लचचा पाय तो, कधी कुरकुरला नाही. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी ती दाबून पाहिली आणि तुझ्या वहिनीकडे, आशाकडे बघितलं. तेव्हा मला आई दिसली. आईचा डावा पाय कापल्यावर ती उजवीच चप्पल घालायची, कुबडीवर. उजवी झिजून गेली, डावी अजून ट्रंकेत कोरी करकरीत आहे. मला ती जोडी पुन्हा या घरात नको आहे. बाकी कोणी काही म्हणो, माझं कारण एवढंच.

आणि म्हणतात तर सगळेच. बुलढाण्याच्या डॉक्टरांना विचारलं तर ते हसले. पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी खाल्लेल्या माणसाने ज्वारी सोडू नये, थोडी कमी करावी, असं म्हणाले. शेजारच्या भगवानरावांनी हुरड्याला बोलावलं. मी शेकोटीजवळ बसून भाजलेलं वांगं आणि ठेचा खाऊन उठलो. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, की गुलाबराव, मंग आमी पेरलेली ज्वारी काय कबुतरायले टाकावं काय. आशा तर म्हणते, ज्या माणसाले भाकर गोड लागत नाही त्याच्याशी संसार कसा करावं.

तू हॉस्पिटलातली. एकदा माझ्या बाजूने विचार करून बघ. लोभ भाकरीवर अवलंबून नसतो, तो आहे तसाच असू दे.

तुझा,
गुलाबदादा

*

नाशिक,
दि. २ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
धम्मशीलाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, एकदा बहीण म्हणून आणि एकदा नर्स म्हणून. दोन्ही वेळा राग आला.

दादा, तू याआधी काय काय सोडलंस ते मी सांगू का? मी नर्सिंगला होते तेव्हा तंबाखू सोडलीस, ती चुन्याची डबी सीटखाली सापडली. माझ्या लग्नाच्या वर्षी चहा सोडलास. आम्ही मलकापूरला उतरलो तर तू स्टँडवर बशीत चहा ओतून पीत होतास, वर मला म्हणालास की हा कंडक्टरचा आहे. भाकर सोडणं तुझ्याच्याने आठ दिवसांच्या वर निभणार नाही, हे मी लिहून देते. हे पत्र पोचेपर्यंत तू चुलीपाशी बसून भाकर-ठेचा हाणत असशील.

आणि निभलं तरी ते धड नाही. आमच्या वॉर्डात असे प्रयोग करून आलेले पेशंट मी पाहते. कोणाचं कोलेस्टेरॉल वाढतं, कोणाला चक्कर येते. मोतीराम कंडक्टर आहे, डॉक्टर नाही. तू खुशाल कमी खा, चाल, पाय रोज धू आणि बोटांच्या बेचक्यात बघत जा. पण गोळ्या मात्र एकही चुकवायची नाहीस, सकाळची नाही आणि संध्याकाळचीही नाही. माझी शपथ आहे. साखर मोजायचं मशीन पाठवते आहे.

आईच्या चपलेचं लिहिलंस. तिचं ड्रेसिंग मीच करायचे, तुला आठवतं ना? म्हणून तर ओरडते आहे.

वहिनींना नमस्कार. रागावरही लोभ असू दे.

तुझी,
धम्मशीला

*

देऊळघाट,
दि. ३० मार्च २०२५

चि. धम्मशीला हीस,
अनेक आशीर्वाद. सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं लिहून दिलेलं जपून ठेवलंय. आज पंच्याऐंशीवा दिवस! चुन्याची डबी नाही, बशी नाही, चुलीपाशीही नाही.

सात किलो उतरलो. खाकी पँट नाडीने बांधावी लागते. आणि बाई, अंगठा मिटला. खपली पडून खाली गुलाबी कातडी आली आहे. आशाने हात लावून पाहिला आणि डोळ्याला पदर लावला. नंतर लगेच म्हणाली, की तो हळदीनं मिटला, तुमच्या अंड्यांनी नाही. असू दे. हळदीचे उपकार, अंड्यांचे उपकार, तू शिकवलेल्या पाय धुण्याचेही उपकार. मिटला हे खरं.

तुझ्या मशीनवर रोज सकाळी उठल्याबरोबर बघतो. एकशे दहा, एकशे पाच, असं येतं. गोळ्या तुझ्या शपथेप्रमाणे दोन्ही वेळा घेतो, एकही चुकवली नाही.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. ते आकडे बघून खूश झाले, म्हणाले गोळ्या चांगल्या लागू पडल्या, ह्याच चालू ठेवा. भाकरी किती खाता म्हणून विचारलं. मी दोन सांगितल्या. काय करू, पुन्हा हसले असते. भगवानरावांशी मी चावडीवर तासभर वाद घालतो, पण डॉक्टरांच्या टेबलापुढे माझी जीभ टाळूला चिकटते. पांढऱ्या कोटाचा धाक आपल्याला लहानपणापासून, तूच काय तो घालून दाखवलास.

थोडं एक होतं. अकराच्या सुमारास हात कापतात, घाम सुटतो, मग जेवलं की बरं वाटतं. उन्हाळा लागलाय, त्याचं असेल.

बुद्धपौर्णिमा दीड महिन्यावर आली आहे. खीर मला चालणार नाही म्हटल्यावर आशाने सुनावलं, की सहा वर्षं उपाशी राहिलेल्या सिद्धार्थानं सुजातेची खीर नाकारली नाही, तुम्ही कोण लागून गेले. मी म्हटलं, वाढायला उभा राहीन, खाणार नाही.

उत्तर लिही. शिव्या असल्या तरी चालतील, लोभ त्यातूनही कळतो.

तुझा,
गुलाबदादा

*

देऊळघाट,
१३ मे २०२५

धम्मशीलाताईले आशाबाईचा जयभीम.

ताई, मी कधी पत्र लिहीत नाही, चुकलं माकलं पदरात घ्या. फोन केला असता, पण हे दिवसभर घरातच बसले आहेत अन् तुमाले काही सांगायचं नाही म्हणून मले बजावलं आहे. म्हणून बाजूच्या भगवानरावायच्या तानुबाईच्या घरी बसून लिहून राह्यली.

काल पौर्णिमेले विहारात खीरदान होतं. यायनं सकाळची गोळी घेतली, दोन अंडी खाल्ली अन् सतरंज्या घालाले गेले. अकरा-साडेअकराले पंगत बसली. हे खीर वाढून राह्यले होते. मी पाह्यलं तं सदरा पाठीले चिपकला होता अन् खीर वाढायचं वरगळं हातात थरथरत होतं. खीर ताटलीत कमी, सतरंजीवर जास्त. भगवानराव पाहुणे म्हणून पंगतीत बसले होते. त्यायले हे कंडक्टर समजले. घंटी मारा म्हणे, राजूर घाट लागला म्हणे, सीट खाली ठेवू नका म्हणे. दोन-चार जण हसले. मलेही आधी वाटलं का हे मजाक करून राह्यले. मंग खालीच बसले.

भगवानराव उठून धावत आले. त्यायच्या तानुबाईले साखर आहे ना, म्हणून त्यायले लगेच समजलं. भिंतीले टेकवून बसवलं अन् खिरीची वाटी तोंडाले लावली. तं ताई, त्या हालतीतही यायनं तोंड मिटून घेतलं! मान हलवून नाही म्हणे. मंग मी साऱ्या विहारादेखत वरडली, का तुमाले तुमच्या आईची आण आहे, गिळा. तवा गिळली. मी घरून मशीन आणलं तोवर अर्धी वाटी पोटात गेली होती, तरी आकडा अठ्ठावन. पाव तासानं डोळे नीट झाले अन् पहिलं काय विचारलं, तं खीर कोण वाढून राह्यलं.

तवापासून मी गोळीसंग अर्धी भाकर जबरदस्तीनं चारून राह्यली. हे खातात, पण तोंड असं करतात का जसं कडूलिंबाचा पाला. भाकरीनं बरं का बिनभाकरीनं बरं, मले काही समजत नाही. अंगठा मिटला हे मी डोळ्यानं पाह्यलं, अन् काल काय झालं तेही डोळ्यानंच पाह्यलं. तुमी शिकलेल्या आहा, तुमी सांगा.

माया आहेच, ती जवळून दिसू द्या.

तुमची वहिनी,
आशा

*

नाशिक,
दि. १७ मे २०२५

ती. दादास,
धम्मशीलाचा जयभीम. वि. वि.

वहिनींचं पत्र काल दुपारी मिळालं आणि तासाभरात मी तुला फोन केला. आजच्या आज डॉक्टरांकडे जा आणि सगळं खरं सांग, एवढंच बोलू शकले. उद्या सकाळच्या गाडीने निघते आहे. हे पत्र माझ्या मागून पोचेल. समोरासमोर मला हे बोलता येणार नाही, म्हणून लिहिते. वहिनींवर रागावू नकोस.

दादा, चूक तुझी थोडी आहे, माझी जास्त. मार्चच्या पत्रात तू सगळं लिहिलं होतंस. भाकर बंद, गोळ्या पूर्ण, अकराला हात कापतात, घाम येतो. आमच्या वॉर्डात नवी शिकाऊ मुलगीसुद्धा ही ओळ वाचून उठून उभी राहिली असती. भाकरच पोटात नाही तर गोळी साखर पाडणारच. मी वाचलं आणि हसले. मनात म्हटलं, चोरून भाकर खात असणार आणि गोळी टाळायला हे बहाणे. उत्तरही दिलं नाही.

मला तुझ्या खाण्याचा राग नव्हता, तुझ्यावर विश्वासच नव्हता. तू खरंच भाकर सोडलीस हे मी एकदा जरी खरं मानलं असतं, तरी गोळीची शपथ घातली नसती. भगवानराव पंगतीत नसते तर काय झालं असतं, हा विचार कालपासून डोक्यातून जात नाही. त्यांचे उपकार मी कसे फेडू?

तुझ्या जेवणाबद्दल माझ्या शंका अजून आहेत. त्या आता डॉक्टरांसमोर तुझ्या शेजारी बसून विचारीन, तुझ्याविरुद्ध नाही. माझी शपथ मी परत घेते. मला माफ कर.

तुझी,
धम्मशीला

*

देऊळघाट,
दि. १० ऑगस्ट २०२५

चि. धम्मशीला हीस,
अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

तू येऊन गेलीस त्याला पावणेतीन महिने झाले, पण डॉक्टरांच्या खोलीतला तो तास मी विसरत नाही. मी म्हटलं, साहेब, दोन भाकरी खोट्या सांगितल्या. ते आता ओरडतील म्हणून मी मान खाली घातली, तर त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, तुम्ही खोटं का सांगितलं, मी हसलो म्हणूनच ना. एवढा मोठा माणूस असं बोलला! त्या दिवसापासून मला त्यांच्याबद्दल फार वाटतं.

परवा तपासणी झाली. तीन महिन्यांची साखर जानेवारीत नऊ पूर्णांक आठ होती, ती सहा पूर्णांक तीन आली. संध्याकाळची गोळी त्यांनी तेव्हाच बंद केली होती, सकाळची आता साधी आणि अर्धी. किडनी चांगली आहे, कोलेस्टेरॉल किंचित वर आहे, त्यावर तुझी शंका खरी ठरली, म्हणून लोणी बंद. डॉक्टर म्हणाले की हे जेवण मी सगळ्यांना सांगणार नाही, पण तुमचं तुम्ही चालू ठेवा, फक्त मला विचारून. मला तेवढं पुष्कळ आहे. येताना त्यांनी हळूच विचारलं, अंडी उकडून खाता की तव्यावर.

भगवानराव मात्र ऐकत नाहीत. गुलाबरावले माह्या खिरीच्या वाटीनं वाचवलं, अंड्यानं नाही, असं गावभर सांगतात. मीही मान डोलावतो, खरंच आहे ते. काल पौर्णिमेला विहारात त्यांना मी स्वतः वाढली, आणि त्यांच्या वाटीतला एक चमचा खाल्ला. एकच. आशा बघत होती. खिशात खडीसाखरेची पुडी असते, ती तिनेच शिवलेल्या पिशवीत.

मी हट्टी आहे. एकट्याच्या हट्टाने मी बरा झालो असतो, असं मला पूर्वी वाटायचं. मोतीरामने वाट दाखवली, आशाने आण घातली, भगवानरावांनी वाटी लावली, डॉक्टरांनी चष्मा काढला आणि तू नाशकाहून धावत आलीस. तू माफी मागितलीस ते पत्र तुझ्या मागून आलं. ते मी कुणाला दाखवलं नाही. माफी कसली गं, तुझी शपथ मी पाळली ती तुझ्यावरच्या मायेनेच. फक्त यापुढे माझं पत्र खरं मानत जा.

आईची ती कोरी चप्पल मी ट्रंकेतून काढून पुसली आणि तिच्या फोटोखाली ठेवली. रोज पहाटे तिच्यासमोर माझ्या चपला चढवतो आणि बुलढाण्याच्या रस्त्याने चालत निघतो, पुलापर्यंत जाऊन येतो.

काल त्या चपला दुरुस्तीला टाकल्या. चांभारदादांनी उलट्या करून पाहिल्या आणि सांगितलं की दोन्हीचे तळवे बदलावे लागतील, दोन्ही सारखेच झिजलेत. मला इतका आनंद झाला की मी त्यांना पुन्हा एकदा बघायला लावलं.

लोभ आहेच, तो असाच चालता राहो.

तुझा,
गुलाबदादा