खाटेच्या नवारीचा पट्टा

मेजर, तुम्ही दिलेल्या पट्ट्याचं एक टोक अखेर फाटलं. इतकी वर्षं टिकलं हेच नवल. गिटार पडली नाही, काळजी करू नका, खाली हात होता म्हणून वाचली. तुम्ही असता तर आधी गिटारकडे बघितलं असतं, मग माझ्याकडे, आणि त्या तुमच्या पलटणी हिंदीत सामान सांभाळण्यावर एक भाषण झोडलं असतं. तुम्हाला जाऊन इतका काळ लोटलाय की किल्ल्याच्या पायथ्याची ती तुमची गल्ली आता मला ओळखतसुद्धा नाही. मी सांगलीला राहते. माझ्याकडे पोरं गिटार शिकायला येतात आणि मला मॅडम म्हणतात, तेव्हा दर वेळी वाटतं की मागं कुणीतरी दुसरीच उभी असणार. तुम्हाला तर 'सर' म्हटलेलं चालायचं नाही. हवालदार म्हणून रिटायर झालात, पण साताऱ्यात पलटणीतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, तसे तुम्हीही गल्लीचे मेजर झालात आणि मग माझेही झालात.

पट्टा दिलात तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मामानं पुण्याहून आणलेली गिटार घेऊन मी तुमच्याकडे शिकायला येऊ लागले तेव्हा तिला पट्टाच नव्हता, मी आईची जुनी ओढणी बांधून मिरवायचे. जत्रेत ऑर्केस्ट्रा यायचा, त्यातल्या गिटारवाल्याच्या खांद्यावर काळा चकचकीत चामड्याचा पट्टा असायचा, पितळी टिकल्या मारलेला. मला तसलाच पाहिजे होता. साताऱ्यात कुठं मिळेल, असं मी तुम्हाला विचारलं आणि तुम्ही उठून सरळ स्वयंपाकघरात गेलात. काकू चुलीपुढं भाकरी थापत होत्या. भिंतीलगत तुमची नवारीची खाट. तुम्ही तिच्या पायथ्याशी खाली बसता, विणलेली नवार उसवायला लागता आणि माझ्या खांद्यापासून कमरेपर्यंत माप धरून तेवढी कापता. काकू पिठाचा हात तसाच वर धरून बघत राहतात. म्हणतात, झालं, आता या खाटेचा पाळणा होणार. कारण मी काही पहिली नव्हते, माझ्या आधीच्या शिष्यांनाही तुम्ही असेच पट्टे वाटले होते आणि दर वेळी उरलेली नवार ताणून ताणून खाट परत विणली होती. तुमचे पाय बाहेर लोंबायचे म्हणे. मग तुम्ही सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे कापलेत, नवारीच्या टोकांना दाभणानं शिवलेत, मध्ये भोकं पाडलीत, आणि पट्टा तयार. मी तोंड वाकडं केलं. खाटेची पट्टी गळ्यात घालून कोण मिरवतं हो? तुम्ही म्हणालात की आधी सुरात लाव, मग तोंड कर काय करायचं ते.

चामडं का नको, ते मात्र लगेच सांगितलं नाहीत. एका रविवारी काकूंनी मटणाचा रस्सा केला होता आणि मलाही ताट वाढलं होतं. तोंडाळ तर मी होतेच. म्हटलं, मेजर, तुम्ही इथं वाटीवर वाटी ओरपताय, मग माझ्या पट्ट्यावरच कसला राग? काकू डोळ्यांनी दटावत होत्या. तुम्ही हाडूक ताटाच्या कडेला ठेवलंत आणि सांगायला लागलात, ते हात ताटात सुकेपर्यंत सांगत राहिलात. मेसमधल्या पार्ट्यांसाठी तुम्ही गिटार शिकलात ते पुढं, त्याआधी बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचात. ढोलवाल्याच्या अंगावर बिबट्याचं कातडं असायचं, पलटणीच्या मालकीचं, जुन्या काळातलं, छातीपासून गुडघ्यापर्यंत. बघणाऱ्यांना लय रुबाब वाटायचा. त्या पोशाखातला फोटो गावाकडं पाठवलात तर तुमच्या वडिलांनी तो देवाच्या फोटोशेजारी लावला. पण कातड्याला एके जागी गोळीचं भोक होतं, कुणीतरी काळ्या दोऱ्यानं शिवलेलं. बंद आवळताना तुमचं बोट बरोबर तिथंच जायचं. नको म्हटलं तरी जायचं. पुढं कातडं पलटणीत राहिलं आणि तुम्ही घरी आलात, पण चामड्याला हात लागला की बोट ते शिवलेलं भोक शोधायला लागतं, असं तुम्ही म्हणालात. आणि मग म्हणालात, "एकदम सगळं सुटत न्हाई गं. पर जे खांद्यावर हाय, ते तर उतरवता येतंय." एवढं बोलून तुम्ही उरलेला रस्सा संपवलात.

मेजर, तुम्ही मला कधी शपथ घातली नाही, उपदेश केला नाही, म्हणूनच बहुतेक ते माझ्यात उतरलं. पुढं माझं मटण सुटलं, मग अंडी सुटली. चहातलं दूध अजून सुटलेलं नाही, ते कबूल करते, सकाळी तो चहा नसेल तर मी माणसात नसते. पण खांद्यावर चामडं कधी घेतलं नाही. मोठ्या स्टेजवर वाजवलं, रेकॉर्डिंगला वाजवलं, लोक त्या पट्ट्याला हसले, मी हसू दिलं. दुकानात सुती पट्टे मिळतात, पण उलटून बघितलं की दोन्ही टोकांना चामड्याच्या टोप्या असतातच. हल्ली एक नवीन गंमत आहे. एसटीच्या सीटला असायचं ना आपलं रेक्झिन, तसल्याच एका पट्ट्याला परवा दुकानदार 'व्हेगन लेदर' म्हणत होता, असा रुबाबात की मला तुमची फार आठवण आली. नवार ती नवार. धुतली, वाळवली, परत घातली.

आता मूळ गोष्टीवर येते, नाहीतर तुम्ही म्हणाल, लांबण लावू नकोस. इथल्या एका वाचनालयाच्या सभागृहात माझ्या मुलांचा कार्यक्रम झाला. माझा विटलेला पट्टा बघून मुलांनी आपसांत ठरवलं होतं की मॅडमना शाल-नारळ नको, नवा पट्टा द्यायचा. माझी सगळ्यात गुणी शिष्या मिरजेच्या अलीकडच्या एका गावातनं येते, कॉलेजात आहे. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चामड्याचं काम, वडील चपला करतात. त्यांनी हातातली ऑर्डर बाजूला ठेवून तो पट्टा केला होता. कडेनं बारीक वेणी घातलेली, मधोमध माझ्या नावाचं पहिलं अक्षर. इतका देखणा जिन्नस मी कुठल्या दुकानात बघितलेला नाही. पोरगी तो दोन्ही हातांवर घेऊन स्टेजवर आली, वडील पुढच्या रांगेत पांढऱ्या कोऱ्या शर्टात बसलेले, टाळ्या चाललेल्या, आणि मी काय केलं? माझ्या हातात गिटार होती. मनात तुमचं ते शिवलेलं भोक. घाईघाईत म्हणाले, किती सुंदर आहे गं, ठेव तिथं टेबलावर. आणि जुना पट्टा खांद्यावर टाकून वाजवायला लागले. गाणं संपलं तेव्हा पुढच्या रांगेतली ती खुर्ची रिकामी होती.

पोरगी क्लासला यायची बंद झाली. फोन उचलेना. मला वाटलं परीक्षा असेल. मग मंडईत दुसऱ्या एका मुलीची आई भेटली, तिनं भाजी निवडता निवडता हळूच सांगितलं की तिच्या घरचे म्हणतात, मॅडमनी आमच्या हातातून वस्तू घेतली नाही, टेबलावर ठेवायला लावली. मेजर, 'ठेव तिथं' या दोन शब्दांत आपल्याकडं काय काय भरलेलं आहे, ते मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? आमच्याच गावात या माणसांना वरून ओंजळीत पाणी घालायचे, पैसे उंबऱ्यावर ठेवायचे, हे मी घरातच ऐकत वाढले. चामडं नको, ही माझी साधी गोष्ट. पण माझ्यासारख्या शेतीवाडीच्या घरातल्या बाईनं ती त्या घराला म्हटली की साधी राहत नाही. माझी गुणी पोर जाणार होती, आणि त्याहून वाईट म्हणजे तो माणूस उरलेला जन्म मला तसली समजणार होता. त्याच आठवड्यात तुमच्या पट्ट्याचं टोक फाटलं. तो पिशवीत टाकला आणि एसटीत बसले.

पोरीचे वडील दारातल्या पत्र्याच्या छपराखाली काम करत बसले होते. मला बघून पोरगी आत गेली. या बसा म्हणाले, पण हातातलं काम थांबलं नाही. मी ओट्यावर बसले आणि पाणी मागितलं. पोरीच्या आईनं तांब्या आणून दिला, तो मी तिच्या हातातून घेतला आणि निम्मा संपवला. ते सगळं बघत होते. मग म्हणाले, "बाई, एकच इचारतो, खरं सांगा. कातडं नको हुतं, का आमचा हात नको हुता?"

इतकं सरळ मला आजवर कुणी काही विचारलेलं नाही. मी तुमची सगळी गोष्ट सांगितली. ढोल, बिबट्या, काळ्या दोऱ्यानं शिवलेलं भोक, खाटेची नवार, काकूंचा पाळणा, अगदी मटणाच्या रश्श्यासकट. भोकाचं सांगितलं तेव्हा त्यांची टाके घालणारी आरी थांबली. शेवटी मी म्हणाले, "आमचे मेजर म्हणायचे, नको म्हणायचं ते वस्तूला म्हणावं, ती करणाऱ्या हाताला कधी म्हणू नये." आणि पिशवीतनं फाटका पट्टा काढून त्यांच्या हातात दिला. म्हटलं, हात पाहिजे तुमचा, म्हणूनच आलेय.

त्यांनी पट्टा उलटसुलट करून बघितला. फौजी माणूस हुता व्हय, एवढंच विचारलं. मग खरे रागावले, आणि तो राग ऐकून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. म्हणाले, मग ह्ये तवाच माइकवर सांगायचं न्हाई व्हय, पोरगी जेवंना झालती. मी म्हटलं, चुकलंच माझं. त्यांनी तुमचं ट्यूबचं टोक उसवलं, चपलेच्या तळाला लावायच्या रबराचा तुकडा कापला आणि दोरा घेतला. दोऱ्याला मेण चोळायचं असतं. मेणाचा गोळा हातात धरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "लावू का? का मधमाशीबी तुमच्या नको म्हणण्यात येती?" आत पोरगी फिसकन हसली. लावा म्हटलं. मेजर, आता त्यावर तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा. एक टोक फाटलं होतं, त्यांनी दोन्ही शिवून दिली. मग मी तिथंच भाकरी-पिठलं जेवले, आणि चहाही प्याले, दुधाचा.

पोरगी परत यायला लागलीय. तो चामड्याचा पट्टा आता तिच्या खांद्यावर असतो आणि तिला शोभतोही. मी तिला काही बोललेले नाही, बापाची कला आहे, तिच्या खांद्याचं तिनं ठरवावं. तुम्हीही मला कुठं काही बोलला होतात? नुसती स्वतःची खाट कापून दिली होतीत. मला तेवढं पुरलं, मेजर. आजवर जे काही धड वागले असेन त्याची सुरुवात त्या स्वयंपाकघरातली आहे, हे तुम्ही असताना सांगायला पाहिजे होतं. तेव्हा मी तोंड वाकडं करण्यात गुंतले होते.

पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून हे गिटारच्या पेटीत राहील. तुमच्याशी बोलायचं होतं ते खरं तर एवढ्यासाठीच. पोरीनं मोठ्या कागदावर सुंदर अक्षरात एक वाक्य लिहून माझ्या क्लासच्या भिंतीवर लावलंय. नको म्हणायचं ते वस्तूला म्हणावं, ती करणाऱ्या हाताला कधी म्हणू नये. खाली नाव लिहिलंय, 'मेजर'. येणारी मुलं ते वाचतात, तिचे वडीलही येऊन वाचून गेले. तुम्ही असं कधीच म्हणाला नव्हतात. ते त्या ओट्यावर मला तिथल्या तिथं सुचलं, आणि माझं म्हणून सांगायची छाती झाली नाही, म्हणून तुमच्या नावावर खपवलं. तुम्ही म्हणाला असतात, असं मला मनापासून वाटतं. आणि नसतात म्हणाला, तरी आता ते भिंतीवरून उतरवायची माझ्यात हिंमत नाही.