कारदेलांचं गाव

प्रिय पपा,

आजवर बोटीवरून आलो की सामान टाकून आधी चर्चमागच्या सिमितेरीत यायचो आणि तुझ्या क्रुसापाशी बसून सगळं सांगायचो. आता तिथे बसायला जागा राहिली नाही, म्हणून लिहितोय. शाळेत मराठीचा मास्तर होतास, चुका काढशील. काढ.

परवा तुझ्या जागेवर दुसऱ्याचाच क्रूस पाहिला. ताजी माती, वर झेंडूचे हार. वाटलं, मीच वाट चुकलो. परत फाटकापाशी गेलो आणि नीट बघत आलो. जागा तीच होती.

आपली रीत मला ठाऊक नव्हती असं कसं म्हणू? जागा थोडी, म्हणून काही वर्षांनी जुना फोंड उघडून ती जागा नव्या मयताला देतात. घरच्यांनी यायचं, हाडं पेटीत घालून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची. कोणी आलं नाही, तर ती कोपऱ्यातल्या सगळ्यांच्या खड्ड्यात जातात. आईची हाडं तू स्वतःच्या हातांनी धुतली होतीस, आणि कोनाड्यात तिच्या शेजारी स्वतःपुरती जागा सोडली होतीस.

खड्डे खणणाऱ्या पास्कूनं मला फोनही केला होता. "बापायचो फोंड उघडतले, येवन जा." बोट लिस्बनला लागली होती, माझी सुट्टी सुरू झाली होती. सरळ विमानात बसता आलं असतं. मी म्हटलं, पंधरा दिवस थांब रे. कारण तिथल्या दफ्तरखान्यात आपल्या आडनावाचं मूळ सापडायची आशा दिसली होती. पंधरा दिवसांचा महिना झाला.

वेड तुझंच ते. वर्गात धामापूरकर, कुडाळकर अशी हजेरी घ्यायचास आणि घरी येऊन म्हणायचास, "सगळ्यांका आपलो गाव नावातच मिळता. कारदेलांचो गाव खंय रे?" आई अंथरुणाला खिळली होती तेव्हाही तू मोझांबिकच्या कुणा कारदेलाला पत्र लिहीत बसायचास. तिला पाणी मी द्यायचो. फार राग यायचा मला तुझा. आणि तू गेल्यावर मी काय केलं? तेच! मापुतो, सांतुश, लिस्बन, ज्या बंदरात उतरलो तिथली थडगी वाचत फिरलो. परक्यांच्या दगडांवरची माती हातानं पुसली रे, पपा.

सापडलं ते ऐक. गोव्याच्या जुन्या बाप्तिस्म्याच्या वहीची नक्कल होती. आपल्या मूळपुरुषाच्या बाप्तिस्म्याची नोंद तिच्यात होती. कारदेल हा धर्मबाप म्हणून उभा राहिलेला एक पोर्तुगीज शिपाई. त्याचं आडनाव आपल्याला मिळालं, आणि त्याच दिवशी आणखी अकरा जणांना. रक्ताचं काही नाही. त्याआधी आपण कोण होतो, कुठले होतो, त्याची एक ओळही नाही. मोझांबिकच्या माणसानं उत्तर पाठवलं नाही म्हणून तू वर्षभर रुसलास. तो आपला कोण लागत होता?

एवढ्यासाठी मी तुला घालवलं.

पास्कूशी भांडायला गेलो. तो शांतपणे म्हणाला, "फादरांनी तीन आयतार नाव वाचल्यानी. कोण इलो नाय. मी तरी किती थांबतलंय?" मी विचारलं, पपाची हाडं कुठली ते सांग, मी वेचून घेतो. तर म्हणाला, "आता ती कशी ओळखतलस रे? सगळ्यांवांगडा गेली." मग माझ्याकडे न बघता फावडं धूत राहिला.

आई भिंतीत एकटी आहे. तिला काय सांगू, तेही कळत नाही. काल तिच्यासमोर उभा राहिलो, कोनाड्यावरची धूळ पुसली आणि घरी आलो.

पास्कू म्हणतो, आईशेजारची ती रिकामी जागा आता माझी. मी नको म्हटलं. मला बायको नाही, पोर नाही. माझं नाव तीन रविवार वाचलं तरी येणार कोण? म्हणून त्याला सांगून ठेवलंय, माझी वेळ येईल तेव्हा कुणाची वाट बघू नकोस, माझी हाडं त्याच कोपऱ्यात घाल. पपा, त्या गर्दीत मी तुला ओळखणार नाही आणि तूही मला ओळखणार नाहीस. पण येईन. या वेळी उशीर करणार नाही.

तुझो झील,
आग्नेल