आईच्या गुडघ्याबद्दल खरे काय ते

ती. सौ. विनोदिनीताईच्या चरणी धाकट्या सदूचा नमस्कार.

तू, भावोजी आणि बाळ पनवेलला बरे असाल असे धरून पुढे लिहितो. बरे नसाल तर हे पत्र बरे वाटल्यावर वाच, कारण यात धीर येईल असे काही नाही. बाबा बिरवाडीच्या खोलीवर राहून कारखान्यात पाळ्या करून खुशाल आहेत. म्हैस खुशाल आहे. आईचे गुडघेही खुशाल आहेत, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते. (फोन केला असता, पण आपला फोन स्पीकरवरच चालतो आणि तुझ्या फोनवर आलेला आवाज तुझ्या सासूबाई आधी ऐकतात. म्हणून पत्र. एकटीने वाच.)

तू मागे रडत म्हणालीस, की आई बारशाला आली नाही, बाळ पाच महिन्यांचे झाले तरी आली नाही, म्हणजे तिचा तुझ्यावर राग आहे. ताई, राग नाही. आम्ही सांगितला तो गुडघाही नाही. आईला लघवी धरवत नाही. शिंकली, खोकली, हंडा उचलला, हसली, की थोडी गळते. (हा शब्द मी तीनदा खोडला. दुसरा सापडला नाही.) तुझ्याकडे यायला चार तास एसटीत बसावे लागते, म्हणून ती येत नाही. दोन वर्षे तिने हे लपवले. मला कळले ते दोरीवर एका दिवसात तीन-तीन साड्या दिसू लागल्या म्हणून.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासले. खालचे स्नायू सैल पडलेत, व्यायामाने सुधारेल, असे सांगून त्यांनी महाडला चवदार तळ्याच्या बाजूला अफरीन मॅडमचा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे, तिकडे चिठ्ठी दिली. मी आईला दाराबाहेरची पाटी वाचून दाखवली, ही माझी पहिली चूक. पाटीवर ‘गुडघे, कंबर, मान’ होते. आत बाकावर बिरवाडीची गीताबाई बसलेली. तिने विचारले, “तुला गो काय झालं?” आई पाटीकडे बघून म्हणाली, “गुडघा.” मग मॅडमनी विचारले तेव्हा दार उघडेच होते आणि गीताबाईचा कान दारात होता, म्हणून तिथेही गुडघाच झाला. चिठ्ठी आईने पिशवीत सुक्या जवळ्याखाली घातली. तीन आठवडे, ताई, त्या निरोगी गुडघ्याला शेक दिला गेला आणि पायाला वाळूची पिशवी बांधून तो वरखाली केला गेला. मी बाहेर बसून समजत होतो, की हाच तो व्यायाम.

चौथ्या खेपेला मी चिठ्ठी शोधून स्वतः मॅडमच्या हातात दिली. (जवळ्याच्या वासासकट.) त्यांनी ती वाचली, दार लावले, आणि आईला म्हणाल्या, “काकी, माझ्या अम्मीलाही हाच त्रास होता. लाजायचं काय त्यात?” माणूस फार चांगला. आतल्या स्नायूंवर जोर लावा, पाच अंक धरा, दहा अंक सोडा, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, असे त्यांनी सांगितले. आईने मान हलवली. मी वहीत लिहून घेतले.

आता तूच सांग, दोन बाळंतपणे घरी झालेल्या बाईला तिथे जोर लावायचा म्हटले की काय आठवणार? तिने दाईने शिकवल्याप्रमाणे कळ द्यायला सुरुवात केली. ती आत खाटेवर, मी पडवीत पाठ करून मोठ्याने अंक मोजतोय, “लाव जोर! तीन, चार, पाच, सोड!” दुसऱ्याच दिवशी शेजारचे महादूकाका दोर घेऊन धावत आले. “रे सदू, म्हस अडली काय?” मी हो म्हणालो. ते गोठ्याकडे निघाले तसा मी म्हणालो, की सुटली, पण रेडकू गेले. संध्याकाळपर्यंत अर्धी वाडी समाचाराला येऊन गेली. सगळ्यांना चहा झाला. म्हैस त्यांच्याकडे बघत होती. मला तिच्याकडे बघवत नव्हते.

तीन आठवडे हे असे चालले आणि गळणे वाढले. मॅडमनी पोटावर हात ठेवून करायला लावले आणि कपाळाला हात लावला. “काकी, तुम्ही खाली ढकलताय! वर ओढायचंय. पऱ्याचं पाणी ओलांडताना साडी कशी वर घेता? तसं आतून वर घ्यायचं.” आई म्हणाली, “मंग असं आधी सांगायचं व्हतं.” आणि तिला ते लगेच जमले. नंतरचे दोन महिने तिने एक दिवस चुकवला नाही. शिंक येतेय वाटले की आधी वर ओढायचे, उगाच सारखे मोरीत जायचे नाही, सगळे केले. एसटीने महाडला जाऊन दोनदा कोरडी परत आली.

मग मागच्या गुरुवारी, बाळाच्या उष्टावणाला पनवेलला यायची तालीम म्हणून, मी तिला माणगावपर्यंत नेऊन आणले. (ही कल्पना माझी. सगळ्या कल्पना माझ्याच.) परत येताना गाडी बदलायला पोलादपूर स्टँडवर उतरलो, तिथे एका बाईची मिरचीपूड सांडली. आईला तीन शिंका आल्या. दोन तिने धरल्या, तिसरी सुटली. आमची बस चुकली असे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत ती दीड तास बाकावरून उठली नाही आणि आपल्या चार बसेस समोरून गेल्या. घरी येऊन म्हणाली, “उष्टावणाला तू एकटा जा. भात मामानं भरवायचा असतो. आजीचं काय काम हाय?” तेव्हापासून सहा दिवस व्यायाम बंद आहे. एका शिंकेने दोन महिने वाया जात नाहीत, असे मॅडमनी कळवले. आई म्हणाली, “मॅडमला म्हणावं, पनवेलचा सोफा त्यांच्या घरचा नाय.”

तेव्हा ताई, उष्टावणाला मी एकटाच येईन आणि सगळे विचारतील, आणि मी पुन्हा गुडघा सांगेन. मला याहून पुढचे काही दिसत नाही. सासूबाईंना आणि भावोजींना नमस्कार.

तुझा
सदू

ता. क. – खरे मागणे लिहायचे राहिले. तुमच्या त्या पांढऱ्या सोफ्यावर आणि सगळ्या खुर्च्यांवर त्या दिवशी जाड सतरंज्या घाल. सगळ्यांवर, एकीवरच नको. बाळ ओले करते म्हणून घातल्या, असे सांग. आणि आई येईल तर तिला लगेच हसवू नकोस.

ता. क. २ – पाकीट चिकटवताना आई मागे येऊन उभी राहिली. “एवढं काय लिवलंस? वाच.” मला तिच्यासमोर गाळून वाचता येत नाही. पहिल्या पानाला तिने मला काय काय म्हटले ते लिहीत नाही. महादूकाका दोर घेऊन आले तिथे तिने खांब धरला. म्हशीपाशी ती खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मी सवयीने अंक मोजत होतो. चाळीसच्या पुढे गेले. मग ती उठून मोरीत गेली. बाहेर आली तेव्हा मी विचारलेही नाही.

“कोरडी हाय,” ती म्हणाली. “लिही तिला, येते म्हणून. सतरंजीचं मात्र खोडू नको.”

खोडलेले नाही.